प्रतिसाद: नावावरून पीआर अडवणं

वर कुणीतरी लिहिलंय की कोड चालतोय ना मग फंक्शनच्या नावावरून पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला कोड मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) कशाला अडवायचा, तर भावा मला हे बिलकुल पटलं नाही. सी प्लस प्लसमधल्या व्हेक्टरचं (म्हणजे यादीचं) एम्प्टी हे फंक्शन घे, नवीन पोरांना वाटतं याने व्हेक्टर रिकामा होतो पण ते नुसतं विचारतं रिकामा आहे का, रिकामा करायला क्लिअर लागतं. शेवटी सी प्लस प्लस २० या आवृत्तीत एम्प्टीला नोडिस्कार्ड ही खूण लावली, म्हणजे उत्तर न वापरता नुसतंच कॉल केलं तर कंपायलर वॉर्निंग देतो. एका नावापायी एवढा खटाटोप!

पायथनवाले त्यामानाने शहाणे, क्रम लावायला दोन वेगळी नावं, सॉर्ट मूळ लिस्टच बदलतं आणि सॉर्टेड नवीन देतं.

दुसऱ्याचा कोड रिव्ह्यू करताना मी एकच बघतो, फंक्शन न उघडता नुसती कॉल केलेली ओळ वाचून कळतंय का काय होणार ते. 'गेट युजर' नाव आणि युजर सापडला नाही की गुपचूप डेटाबेसमध्ये नवीन बनवतोय, असलं मी सरळ परत पाठवतो (हो, मागे एकदा मीच असलं लिहिलं होतं).

आणि हे मर्जच्या, म्हणजे कोड मुख्य कोडमध्ये जाण्याच्या, आधीच करायचं. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी २०१८ ला झालं, माझे बाबा अजून एल्फिन्स्टनच म्हणतात. लायब्ररीचं पब्लिक फंक्शन एकदा रिलीज झालं की तसंच, नाव बदललंत तरी जुनं डेप्रिकेटेड (म्हणजे चालतं पण वापरू नका असं) करून कितीतरी व्हर्जन सांभाळत बसावं लागतं.