विषय: ‘दहा वर्षं मिलिटरीच्या हातात द्या’

मंडळी, नमस्कार.

रविवारी जेवणाच्या गडबडीत विषय अर्धवट राहिला म्हणून लिहितो. गरीब देशात सुधारणा करायच्या तर निवडणुका आड येतात, एवढंच माझं म्हणणं. चिली बघा. १९७३ मध्ये महागाई पाचशे टक्क्यांच्या वर गेली होती. लष्करप्रमुख पिनोशे सत्ता हाती घेऊन आला, शिकागोत शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांच्या हाती कारभार दिला आणि देश मार्गी लागला. आणीबाणीत आमच्या लोकल वेळेवर धावायच्या, ते मी विसरलेलो नाही.

आपला,
काका

*

काका, सप्रेम नमस्कार.

महागाईचं तुमचं खरं आहे. पिनोशेनं उलथवलेले अध्यक्ष आयेंदे, त्यांच्या शेवटच्या वर्षात कशा रांगा लागायच्या, हे चिलीच्या राजधानीत, सान्तियागोत, मी तीन वर्षं राहिले त्या घराच्या मालकीणबाईंनीच मला सांगितलं. त्या निवृत्त शिक्षिका. पण पुढचंही त्यांनीच सांगितलं. १९७५ मध्ये सरकारी खर्चाला एका झटक्यात कात्री लागली आणि त्या एका वर्षात देशाचं उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घसरलं. संसद बरखास्त, पक्षांवर बंदी, माणसं रातोरात नाहीशी. ‘थांबा’ म्हणायला कुणी उरलंच नव्हतं.

मग १९७९ मध्ये डॉलरचा भाव ३९ पेसोंवर बांधून टाकला. नुकत्याच खाजगी झालेल्या बँका बाहेरून डॉलर उसने आणून आपल्याच मालकांच्या कंपन्यांना वाटत सुटल्या, आणि तेव्हाही विचारणारं कुणी नव्हतं. १९८२ मध्ये सगळं कोसळलं. उत्पन्न पुन्हा सुमारे १४ टक्क्यांनी खाली. जानेवारी १९८३ मध्ये खाजगीकरणाचा डंका पिटणाऱ्या त्याच सरकारला मोठमोठ्या बँका ताब्यात घ्याव्या लागल्या.

मालकीणबाई पेन्शनचे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. १९८१ पासून पगाराचे १० टक्के खाजगी पेन्शन कंपनीत भरायचा कायदा झाला. एकदा त्यांनी डबा उघडून दाखवला. महिन्याची रक्कम घरभाडं आणि औषधांतच संपणारी, म्हणून तर मला खोली दिली होती. त्यांचे दीर मात्र सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांचं पेन्शन जुन्या सरकारी पद्धतीनं, कितीतरी जास्त. कारण लष्कर आणि पोलीस यांना त्या कायद्यातून वगळलं होतं. बंदुकीच्या धाकावर जी योजना देशाला लावली, ती स्वतःला लावून घेतली नाही. काका, हे माझ्या मनातून जात नाही.

*

अगं, लष्कराला वगळल्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं. पण पुढे गरिबी कमी झाली, हे तर नाकारणार नाहीस?

काका

*

नाही नाकारत. १९८५ नंतर वाढ परत सुरू झाली, तेही मान्य. पण १९८७ मध्ये ४५ टक्क्यांच्या आसपास लोक गरिबीत होते आणि २००० पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांच्या घरात आलं. मधे ५ ऑक्टोबर १९८८ येतो. त्या दिवशी सार्वमतात लोकांनी मतपेटीतून पिनोशेला ‘नाही’ म्हटलं. १९९० मध्ये सत्तेवर आलेल्या लोकनियुक्त सरकारनं बाजारपेठ मोडली नाही; संसदेत विरोधकांशी बोलणी करून कर वाढवले आणि तो पैसा गरिबांवर खर्च केला. म्हणजे निवडणुका आड आल्या नाहीत.

आणखी एक. इथे वॉशिंग्टनमध्ये आपल्या वकिलातीकडे जाणं झालं की गांधीजींच्या पुतळ्यापासून मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूनं थोडं पुढे, शेरिडन सर्कलपर्यंत चाला. ओर्लांदो लेतेलियेर आयेंदेंचे मंत्री होते, इथे राजदूतही होते. ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांनी लिहिलं की ही अर्थनीती आणि तो छळ यांची खाती वेगळी मांडता येत नाहीत. २१ सप्टेंबरला त्याच चौकात पिनोशेच्या गुप्त पोलिसांनी त्यांच्या मोटारीखाली लावलेला बॉम्ब फुटला. सोबतची रॉनी मॉफिटही गेली, अवघी २५ वर्षांची. रस्त्याच्या कडेला छोटंसं स्मारक आहे, इतकं बुटकं की मोटारीतून दिसत नाही. शनिवारी जाणार असाल तर मी येते सोबत.