टेक्नेशियम जनरेटर : 'निक्षालन' की 'धार काढणे'?

रंकाळाकाठ : न्यूक्लिअर मेडिसिनची मराठी माहितीपुस्तिका करतोय. या जनरेटरमधून तपासणीसाठीचं किरणोत्सारी टेक्नेशियम सलाइननं धुऊन काढतात, त्या 'एल्यूशन'ला 'निक्षालन' लिहिलंय. तंत्रज्ञ मात्र 'दूध काढणं' म्हणतात. छापावं का?

करवीर : 'धार काढणे' छापा. या जनरेटरला इंग्रजीतही गायच म्हणतात. शिशाच्या आवरणात अ‍ॅल्युमिनाचा स्तंभ, त्याला मॉलिब्डेनम-९९ चिकटलेलं (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६६ तास). त्यापासून टेक्नेशियम-९९एम तयार होतं (६ तास). मॉलिब्डेट (मॉलिब्डेनमचं रूप) अ‍ॅल्युमिनाला घट्ट धरून बसतं, परटेक्नेटेट (टेक्नेशियमचं रूप) सैल असतं. एका टोकाला ०.९ टक्के सलाइन, दुसऱ्या टोकाला निर्वात कुपी. तिच्या ओढीनं सलाइन स्तंभातून जातं आणि टेक्नेशियम घेऊन उतरतं. २३ तासांच्या आसपास पुन्हा भरपूर साठतं, म्हणून रोज सकाळची धार. 'निक्षालना'त धुणं कळतं, हे भरून येणं कळत नाही. कोल्हापुरात गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्या गावाला तर समजावून सांगायलाच नको.

पंचगंगा : करवीरदादा, मग 'पान्हा चोरला'सुद्धा घ्या. धार कमी आली की बहुधा कुपीतला निर्वात गेलेला असतो, नाहीतर स्तंभात हवा शिरून सलाइन एकाच वाटेनं निसटतं. सुट्टीत धार चुकली तर पहिल्या धारेत ९९एम ओसरून झालेलं जुनं टेक्नेशियम-९९ जास्त येतं आणि ज्यात टेक्नेशियम मिसळतात त्या औषधाच्या किटशी जोडणी कच्ची राहते.

रंकाळाकाठ : 'मॉली ब्रेकथ्रू'ला 'गळती' चालेल?

करवीर : नको. गळती म्हटलं की भांडं फुटल्यासारखं वाटतं. इथं धारेबरोबर मॉलिब्डेनम खाली येतं. 'मॉली उतरणे' म्हणा. रुग्णाला देताना दर मिलिक्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) टेक्नेशियममागं ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉली असेल, तर ती धार वापरायची नाही.

पंचगंगा : आठवड्यात मॉलीचा जेमतेम सहावा हिस्सा उरतो. असा जनरेटर 'भाकड'. बोलण्यात ठीक, पुस्तिकेत 'वापर संपलेला' लिहा. 'कचरा' मात्र लगेच म्हणू नका. दहा अर्धायुष्यं, म्हणजे साधारण २८ दिवस, बंदिस्त ठेवला की हजारावा भाग राहतो. त्याला 'क्षयासाठी ठेवणे' हा शब्द नेमका आहे, 'विल्हेवाट' त्यानंतरची.

करवीर : रुग्णाच्या कागदावर नुसतं 'क्षय' नको हं ताई, टीबी समजतील. 'किरणोत्सार ओसरेपर्यंत ठेवणे' लिहा. आणि हे थांबणं अल्पायुषी समस्थानिकांपुरतंच. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं. तो असलेला तीव्र किरणोत्सारी द्रव ट्रॉम्बे, तारापूरला बोरोसिलिकेट काचेत मिसळून गोठवतात. त्याला 'काचीकरण' म्हणा, 'ओसरणे' तिथं लावू नका.