'महिन्याला एक कॉम्पॅक्ट, इनबॉक्स ठणठणीत' म्हणे!

नौपाडा_कारकून: काल इथे एका विद्वानाने लिहिलं, थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये महिन्याला एकदा कॉम्पॅक्ट मारा (म्हणजे डिलीट केलेले मेल फाइलीतून खरोखर काढून टाका), फोल्डर जन्मात बिघडणार नाही, ज्यांचे बिघडतात ते आळशी. मी करसल्लागाराच्या हाफिसात बसतो, दर पहिल्या तारखेला कॉम्पॅक्ट करतो. तरी गेल्या जुलैत, ऐन रिटर्नच्या गर्दीत, इनबॉक्स उघडला तर कोरा करकरीत! कुणाच्या तरी 'बिला'त व्हायरस होता. अँटिव्हायरसने तो एक मेल नाही उचलला, अख्खी इनबॉक्स फाइल क्वारंटाइनमध्ये घातली, म्हणजे बाजूला कोंडून टाकली. थंडरबर्डच्या एमबॉक्स पद्धतीत एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलीत एकाखाली एक, त्याला काय कळतंय? प्रोफाइल फोल्डर, म्हणजे थंडरबर्ड मेल ठेवतो ती जागा, अँटिव्हायरसच्या स्कॅनमधून वगळा, हे आधी सांगा.

वाशीकर_17: विद्वान मीच. 'जन्मात' नाही, 'सहसा' लिहिलं होतं. नीट वाचा. आणि स्कॅन बंद करायचं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपायचं का? डिलीट केलेला मेल फाइलीतच पडून असतो, नुसती खूण होते. कॉम्पॅक्ट नाही केलं की फाइल फुगत जाते. 11 वर्षांचा पसारा इनबॉक्सात ठेवणाऱ्याला ब्रह्मदेवही वाचवणार नाही. वर्षवार फोल्डर करा.

नौपाडा_कारकून: अटॅचमेंट सेव्ह करताना स्कॅन होतंच की! दार कुठे उघडं राहिलं?

वागळेवाला: आणि कॉम्पॅक्ट चालू असताना लाइट गेली तर? आमच्याकडे पावसाचा शिंतोडा पडला की अंधार.

ऐरोली_आयटी: कॉम्पॅक्ट आधी एनएसटीएमपी नावाची नवी फाइल लिहितं, ती पुरी झाली की मग अदलाबदल. त्यामुळे मूळ फाइल सहसा वाचते. खरी बोंब डिस्क भरलेली असताना. इनबॉक्स 6 जीबीचा आणि जागा उरलीय 2 जीबी, मग काय होणार? आणि एका मेलवर क्लिक केल्यावर भलत्याचाच मजकूर दिसला तर घाबरू नका. ती एमएसएफ, म्हणजे नुसती सूची बिघडलेली असते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रिपेअर फोल्डर मारा.

वागळेवाला: 'सहसा' 'सहसा' करत दोघांनी डोकं उठवलंय.

वाशीकर_17: यूपीएस घ्या मग. नवी मुंबईत हा त्रास नाही बुवा.

कोपरखैरणे_रो_हाउस: नवी मुंबई म्हणजे फक्त वाशी का हो? परवा तीन तास घामाघूम बसलो होतो. आणि यूपीएसचं कौतुक नको. आतली 12 व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत राम म्हणते. माझा आता टेबलाखाली पाय ठेवायच्या कामाचा, लाइट गेली की एकदा 'टीं' करून मशीनबरोबर सती जातो.

वागळेवाला: सोसायटीत जनरेटरचा विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, लिफ्टपुरता आहे ना! चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला लिफ्ट, आणि तळमजल्यावरच्याने मेंटेनन्स तेवढा भरायचा?

कोपरखैरणे_रो_हाउस: तळमजल्याला लिफ्टचा खर्च लावतातच कसा? आमच्या भावाकडे यावरून दोन वर्षं भांडण चाललंय.

नौपाडा_कारकून: अहो, धागा मेलचा आहे!!

ऐरोली_आयटी: आयमॅप वापरा, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतात, विषय संपला. लोकल फाइल गेली तरी सर्व्हरवरून पुन्हा उतरते.

नौपाडा_कारकून: साहेबांना पॉपच हवंय, म्हणजे मेल आपल्या मशीनवर उतरवून घ्यायचे. मेलबॉक्स भरतो म्हणून सर्व्हरवर प्रतही ठेवायची नाही. साहेबांना तुम्ही सांगता का? नंबर देतो.

ऐरोली_आयटी: मग थंडरबर्ड बंद करून रोज प्रोफाइल कॉपी करा. चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघते.

वाशीकर_17: कॉपीवरून आठवलं. हसणार असाल तर हसा. फॉरमॅट मारण्याआधी मी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता. मध्येच एक खिडकी आली, न वाचता 'स्किप' दाबलं. ड्राइव्ह होता एफएटी32 या जुन्या फॉरमॅटचा, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. सगळं आलं. ड्राफ्ट्स, जंक, अगदी कचरापेटीसुद्धा. फक्त इनबॉक्स नाही. तेव्हापासून कॉम्पॅक्ट करतो. स्कॅनचं तुमचं बरोबर असेल, वगळतो आज.

नौपाडा_कारकून: म्हणजे 11 वर्षांचा पसारा तुमचाच होता! आळशी कोण ते ठरलं एकदाचं.

वाशीकर_17: 9 वर्षांचा.

कोपरखैरणे_रो_हाउस: ठाण्यात यूपीएसची जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये कोण घेतं?