लसणाचा रस एकदाच काढून स्वयंपाकाला आणि गच्चीवरच्या झाडांनाही वापरता येईल का?

गच्ची_कोथरूड
नमस्कार. दोन किलो लसूण एकदम आणून रस काढून ठेवायचा विचार आहे. थोडा सोलकढी-मॅरिनेशनला, थोडा जास्वंदीवरच्या मावा आणि पिठ्या ढेकूण या किडींसाठी, उरला तर ओटा पुसायला. तेलात घालून ठेवला तर टिकेल का? फवारणीचं प्रमाण काय ठेवायचं?

खलबत्ता
आधी तेलाचं. कच्चा लसूण किंवा त्याचा रस तेलात घालून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नाही आणि लसणात आंबटपणा नाही, म्हणजे बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला हवी तशी जागा. वास, चव, रंग काहीच बदलत नाही, त्यामुळे कळतही नाही. तेल कडकडीत तापवलं तरी त्याचे बीजाणू उरतात. तेलातला लसूण फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवा तर फ्रीझरमध्येच.

स्वयंपाकासाठी २५० ग्रॅम सोललेल्या पाकळ्या पाणी न घालता मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा आणि दहा मिनिटं तशाच राहू द्या. लसूण चिरडल्यावरच त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि झणका तयार होतो. व्हिनेगर आधी घातलं तर ते एन्झाइम मंदावतं आणि रस मिळमिळीत होतो. दहा मिनिटांनंतर १२५ मिली पांढरं व्हिनेगर घाला, मलमलीतून घट्ट पिळा, काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभरात संपवा, बाकीचा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. रस हिरवा-निळा झाला तर घाबरू नका. आम्लात लसणातले गंधकाचे घटक रंग धरतात, खायला काही अपाय नाही.

फोडणीत हा रस ओतू नका, तडतडून अंगावर उडतो आणि करपून कडू होतो. आमटीत गॅस बंद केल्यावर घाला. लिटरभर सोलकढीला अर्धा चमचा पुरे. चोथा टाकू नका, त्याच दिवशी सुकं खोबरं, तिखट आणि मीठ घालून परता, चांगली चटणी होते.

मावा_नको
स्वयंपाकाची बाटली बागेत नको, व्हिनेगरने पानं करपतात. बागेसाठी वेगळा अर्क करा. ५० ग्रॅम लसूण सालासकट ठेचून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि दुहेरी कापडातून गाळा. गाळण्यात आळस केला की पंपाचं नोझल हमखास तुंबतं. मग ५ मिली लिक्विड सोप घाला. कपड्यांची पावडर अजिबात नको, तिच्यातल्या सोड्याने पानं भाजतात. आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. कोथिंबीर-मेथीसारख्या कोवळ्या पानांसाठी पाणी दुप्पट घ्या.

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसता लसूण त्यातून आत जात नाही, तिथे साबणच कामाला येतो. म्हणून आधी जुन्या टूथब्रशने खोडाच्या बेचक्यातला पांढरा कापूस खरवडा, गोळा झालेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, मग फवारा. मारायचा तो ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही. अंड्यांतून नवी पिल्लं निघतात, तेव्हा दर सहा-सात दिवसांनी तीनदा. अर्क त्याच दिवशी संपवा. कुंडीवर मुंग्या चढत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, त्या या किडीला सांभाळतात. काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या फांदीवर मारू नका. त्या ढालकिड्याच्या आहेत, मावा त्याच खातात.

शहाबादी
ओट्याला हा रस नको. शहाबादी, कडप्पा, संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत, व्हिनेगरने चमक कायमची जाते. ग्रॅनाइटवरही रस चिकट राहतो. जंतुनाशक म्हणून तर त्याच्या भरवशावर राहूच नका. डासांसाठी फवारला तरी वास उडाला की संपलं, त्यापेक्षा कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करा. कच्चा रस अंगावर लावू नका, कातडी भाजून फोड येतात. घरात कुत्रा-मांजर असेल तर बाटली वर ठेवा, लसूण त्यांना विषारी आहे.

गच्ची_कोथरूड
मनापासून आभार! मार्केट यार्डात नवा लसूण आलाय, तो चालेल? आणि जुन्याला कोंब आलेत.

खलबत्ता
नव्यात पाणी जास्त, झणका कमी. माना वाळेपर्यंत सावलीत पसरून ठेवा, मग रस काढा. कोंब आलेल्या पाकळ्या टोक वर करून कुंडीत खोचा, लसणाची पात मिळेल. गड्डे हवे असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा ओंकार आणि भीमा पर्पल हे वाण आहेत, बियाण्याची चौकशी तिथेच करा.