जुना टॅब गोप्रोचा रिमोट म्हणून चालेल का? मल्लखांबासाठी हवाय (इंदूर)

खांब_रामबाग:
नमस्कार मंडळी. मी इंदूरला संध्याकाळी पोरापोरींना मल्लखांब शिकवतो. एका पालकांनी त्यांचा गोप्रोचा हीरो ८ ब्लॅक कॅमेरा वापरायला दिलाय आणि घरात एक जुना अँड्रॉइड टॅब पडून आहे, सिम नाही त्यात. डोक्यात असं आहे की कॅमेरा भिंतीला उंच लावायचा, खांबाच्या बोंडाच्या (वरच्या टोकाच्या) लेव्हलला, टॅब खाली मॅटजवळ ठेवायचा आणि पोरगी दसरंग (खांबावरचा एक प्रकार) करून उतरली की तिथल्या तिथे तिला दाखवायचं. कारण आत्ता काय होतं, मी म्हणतो गुडघा वाकतोय आणि ती म्हणते नाही सर, सरळच होता, आणि तिला खरंच तसं वाटत असतं, उलटं लटकल्यावर आपला पाय कुठे आहे ते कळतच नाही. टॅबवर गोप्रोचं ॲप चढलं पण कधी कॅमेरा दिसतच नाही, दिसला तर वायफाय थोड्या वेळात सुटतं. मंडळाकडे नवीन घेण्याइतके पैसे नाहीत. आणि अजून एक, खांबाला एरंडेल असतं ते आमच्या हाताला लागतं, स्क्रीनवर बोट धड चालत नाही. काय करता येईल?

तारवाला_सुदामानगर:
सर चालेल, नक्की चालेल. आधी कॅमेरा दिसत नाही त्याचं बघू. हीरो ८ मध्ये वायफाय बँड निवडता येतो, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ, आणि जुन्या स्वस्त टॅबमध्ये बहुधा फक्त २.४ वालीच चिप असते, म्हणजे कॅमेरा ५ वर असेल तर टॅबला तो दिसणारच नाही, कितीही वेळा स्कॅन करा. कॅमेऱ्यात प्रेफरन्सेस, मग कनेक्शन्स, तिथे बँड २.४ करा. दुसरं म्हणजे टॅबचं लोकेशन चालू ठेवा. लोकांना वाटतं लोकेशनचा इथे काय संबंध, पण अँड्रॉइड ६ पासून पुढे बऱ्याच वर्षांच्या व्हर्जनमध्ये लोकेशन बंद असलं की ॲपला आसपासचं ब्लूटूथ शोधताच येत नाही, आणि कॅमेरा आधी ब्लूटूथवरच सापडतो, वायफाय नंतर सुरू होतं.

आता वायफाय का सुटतं ते. कॅमेऱ्याचं वायफाय हे त्याचं स्वतःचं असतं, त्यात इंटरनेट नसतं, टॅबला वाटतं हे नेटवर्क बिनकामाचं आणि तो हॉलच्या किंवा शेजारच्या सेव्ह केलेल्या राऊटरवर उडी मारतो. टॅबमधली बाकी सगळी नेटवर्क फर्गेट करा, आणि 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असं विचारलं की हो म्हणा आणि 'पुन्हा विचारू नका' वर टिक करा. सिम नाही हे तर उत्तमच, मोबाइल डेटावर पळायचा प्रश्नच नाही.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा, रेकॉर्डिंग कॅमेऱ्याच्या कार्डावर होतं. मधेच टॅब बंद पडला तरी कॅमेरा आपला चालूच राहतो, त्यामुळे घाबरून वर चढू नका.

मीरा_तिलकनगर:
मी नृत्याच्या क्लाससाठी असंच करते त्यामुळे सांगते. सर, टॅबवर लाइव्ह बघत कोचिंग करायचा विचार सोडा. चित्र जरा मागे पडून येतं, शिवाय रेकॉर्ड सुरू झालं की बऱ्याच मॉडेल आणि मोडमध्ये प्रिव्ह्यू दिसतच नाही. टॅब दोनच गोष्टींसाठी ठेवा, सुरुवातीला फ्रेम लावायला आणि नंतर क्लिप दाखवायला. दाखवणं मात्र फार छान होतं, कारण कॅमेरा प्रत्येक व्हिडिओसोबत त्याची एक हलकी कॉपी बनवतो, एलआरव्ही फाइल म्हणतात, ॲपमध्ये तीच चालते म्हणून मोठी फाइल डाउनलोड करायला लागत नाही. फक्त क्लिप छोट्या घ्या, एका मुलीचा एक सेट झाला की स्टॉप. अर्धा तास सलग घेतलं तर त्यात शोधण्यातच वर्ग संपतो.

हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत का? असतील तर कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सेटिंग ५० हर्ट्झवर करा, आपली वीज ५० ची आहे, ६० वर ठेवलं तर व्हिडिओत पट्टे सरकतात. मग १०८० रिझोल्यूशनला सेकंदाला १०० फ्रेम घ्या, अढी (पायांची पकड) सुटते कुठे ते स्लोमध्ये स्पष्ट दिसेल. ४के ची इथे गरज नाही, बंद हॉलमध्ये एका जागी लावलेला कॅमेरा लवकर तापतो, त्याला वारा लागत नाही ना.

आणि पालकांना आधी विचारून घ्या हं, विशेषतः मुलींच्या. टॅबला पिन लावा, आठवड्याला कार्ड रिकामं करा. मुली लहान आहेत, ही गोष्ट मागे पडायला नको.

खांब_रामबाग:
मीराताई, तारवालेभाऊ, मनापासून धन्यवाद. बँड बदलला आणि लगेच दिसला! राऊटर फर्गेट केल्यापासून सुटलाही नाही. पालकांची सही आज घेतो, ताईंनी बरोबर आठवण दिली. मल्लखांब २०१३ मध्ये मध्यप्रदेशचा राज्यखेळ झाला पण छोट्या मंडळात अशा सोयी अजून कुठे, म्हणून हे जमलं तर फार बरं वाटेल. आता फक्त तेलाचं बघायचंय, आणि कॅमेऱ्याची बॅटरी एका वर्गात संपते.

बडोदेकर_दांडियाबाजार:
बडोद्याहून लिहितोय, आमच्याकडे जुम्मादादांच्या व्यायाममंदिरामुळे (इथली जुनी व्यायामशाळा) मल्लखांब घराघरात माहितीचा आहे त्यामुळे राहवलं नाही. वायफाय चालू असलं की बॅटरी लवकर उतरणारच, हीरो ८ ची १२२० एमएएचचीच आहे. त्याचं बॅटरीचं दार निघतं, ते काढून यूएसबी-सीने पॉवरबँक लावा. फक्त वायर भिंतीला टेपने पक्की करा, लोंबकळू देऊ नका.

त्याहून महत्त्वाचं, कॅमेरा वर लावणार आणि खाली पोरं, तर चिकटणाऱ्या माउंटवर भरवसा ठेवू नका. माउंट स्क्रूने भिंतीत, आणि वेगळी मजबूत दोरी कॅमेऱ्यापासून हुकापर्यंत. एवढ्या उंचीवरून डोक्यात पडलं तर काय होईल ते सांगायला नको. टॅबची पाठही एकदा टेबलावर ठेवून बघा, फुगलेली वाटली किंवा टेबलावर डुगडुगला तर बॅटरी गेलीय, चार्जिंगला लावूच नका.

तेलाचं सोपं आहे, टॅब झिपवाल्या पारदर्शक पिशवीत घाला, प्लास्टिकवरून टच चालतो, आणि जो पोरगा त्या दिवशी खांबावर नाही त्याच्याकडे टॅब द्या. किंवा कॅमेऱ्यात व्हॉइस कंट्रोल चालू करून बघा, 'गोप्रो स्टार्ट रेकॉर्डिंग' म्हटलं की सुरू होतो, पण पोरांचा गलबला असेल तर ऐकू जाणार नाही त्याला, तेव्हा पिशवीच बरी.