एकटीचं पहिलं घर: सामान यायच्या आधी काय तपासावं?

निंबोणी

नमस्कार मंडळी. पुण्यात वन बीएचके रीसेल फ्लॅट घेतला आहे. इमारत १५ वर्षांची, पाच मजली, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. नोंदणी झाली, किल्ल्या येत्या रविवारी मिळतील. मी एकटीच राहणार आहे. सकाळी आठला कुलूप लागलं की घर संध्याकाळी सातलाच उघडणार, शिवाय महिन्यातून एखादा शनिवार-रविवार गावी. भाड्याच्या घरात काही बिघडलं की मालकांना फोन करायचा, एवढंच आजवर ठाऊक. रंग, पडदे, फर्निचर यावर सल्ले भरपूर मिळाले, मला विचारायचंय ते वेगळं. रिकाम्या घरात काय तपासून घ्यावं, कोणती कामं स्वतः शिकावीत आणि कशाला हात लावू नये? पावसाळा दीड महिन्यावर आलाय.

पान्हा_पक्कड

मनापासून अभिनंदन! घर रिकामं आहे तोवरच नीट तपासून होतं, ती वेळ दवडू नका. सुरुवात पाण्यापासून करा. बंद घरात सगळ्यात जास्त नुकसान पाणीच करतं, आणि ते खालच्या मजल्यावरही उतरतं.

आधी पाणी कुठून बंद होतं ते शोधा. या वयाच्या इमारतींत बहुतेक वेळा घराला एकच मेन कॉक नसतो. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास यांच्या उभ्या लाइनी वेगवेगळ्या उतरतात आणि प्रत्येकीचा कॉक वेगळा. तो माळ्यावर, संडासाच्या छताशी, डक्टमध्ये नाहीतर थेट गच्चीत सापडेल. एकेक बंद करा आणि घरभर नळ उघडून कोणता थांबतो ते बघा. थांबल्यावरही पाच मिनिटं थांबा. बारीक धार चालूच राहिली तर कॉकची आतली सीट गेली आहे, तो बदलावा लागेल. कशाने काय बंद होतं ते ऑइल पेंटने कॉकशेजारी लिहून टाका. कॉक गच्चीत असेल तर गच्चीची किल्ली रात्री कुणाकडे असते हेही विचारा. चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर त्याच्याशी झोंबाझोंबी नको. क्षारांनी जाम झालेला स्पिंडल मोडतो आणि व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच अडकतो. प्लंबरकडून त्या जागी दांडीचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, पाव फेऱ्यात बंद होतो.

मग कनेक्शन पाइप. बेसिन, सिंक, फ्लश टाकी आणि गीझरचे, सगळे नवे घाला. जुना पाइप नटाजवळ नीट बघा: स्टीलच्या जाळीवर तांबूस ठिपके दिसतील, एखाद-दोन तारा तुटून बोटाला टोचतील. पाइप फुटतो तो तिथेच. हे काम तुम्ही स्वतः करू शकता. अँगल कॉक (पाइप जिथे भिंतीला जोडलेला असतो तिथला छोटा कॉक) बंद करा, वरचा नळ उघडून दाब सोडा, खाली मग धरा आणि नट सोडवा. नवा पाइप अर्ध्या इंची, लांबी जुना मोजूनच घ्या, बहुधा १८ किंवा २४ इंच निघते. ताणून बसवलेला पाइप टिकत नाही. नटाच्या आत काळा रबरी वॉशर असतो, पाणी तोच अडवतो, म्हणून या टोकाला टेफ्लॉन टेप लावायची नाही. नट हाताने घट्ट बसला की पान्ह्याने जेमतेम पाव फेरा. त्याहून जास्त आवळलं तर वॉशर कापला जातो आणि गळती उलट सुरू होते. कॉक उघडून नटाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा. दहा मिनिटांनी तो कोरडाच निघाला की जोड पक्का.

अँगल कॉकच भिंतीतून काढायचा असेल तर मात्र प्लंबर बोलवा. सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची) लाइन असेल तर भिंतीतल्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, पितळी आटे बसवलेले असतात. जाम कॉकवर जोर पडला की ते एल्बोतच फिरतात आणि टाइल फोडावी लागते. लोखंडी लाइन असेल तर गंजलेला तुकडा मोडून आत राहतो.

फ्लश टाकी आतल्या आत गळते तेव्हा आवाजही येत नाही. टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर खालचा रबरी सील बदला.

गावी जाताना सगळे कॉक बंद. वॉशिंग मशिनचा नळ तर रोज, कपडे झाले की बंद करायचा. त्या पाइपावर एरवी दिवसभर विनाकारण दाब राहतो. आणि वापरात नसलेल्या न्हाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या खळग्यात) निघण्यापूर्वी मगभर पाणी ओतून वर चमचाभर खाद्यतेल सोडा. त्या ट्रॅपमधलं पाणीच गटाराची दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. ते आटलं की वाट मोकळी. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

फ्यूजतार

वर पाण्याचं सविस्तर आलंय, मी विजेचं आणि गॅसचं सांगतो.

डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या खटक्यांची पेटी, उघडून आरसीसीबी आहे का बघा. वीज अर्थकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा हा खटका. एमसीबीपेक्षा (एकेका लाइनच्या साध्या खटक्यापेक्षा) रुंद असतो, त्यावर ३० एमए (मिलीअँपिअर) असं छापलेलं असतं आणि एक छोटं टेस्ट बटण असतं. वीज चालू असताना ते दाबलं की खटका ताबडतोब पडला पाहिजे. नाही पडला तर तो निकामी आहे. जुन्या घरांत आरसीसीबी मुळातच नसण्याची शक्यता आहे. तसं असेल तर रंगाचा खर्च पुढे ढकला, पण हा आधी बसवून घ्या. शॉक लागल्यावर मेन स्विच बंद करायला घरात दुसरं माणूस नसणार, ते काम हाच करतो. बसवल्यावर महिन्यातून एकदा बटण दाबत जा. एका हाताला फेज (वीज आणणारी तार) आणि दुसऱ्याला न्यूट्रल (परतीची तार) लागली तर मात्र हा वाचवत नाही, त्यामुळे चालू लाइनवर काम करायचं नाहीच.

तो रात्री-अपरात्री पडला तर घाबरू नका. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून चढवा. ज्याला तो पुन्हा पडेल त्या लाइनवर दोष आहे. ती तेवढी बंद ठेवून बाकीचं घर चालू ठेवता येतं. पडलेला खटका कधी मधेच अडकल्यासारखा दिसतो, तो आधी पूर्ण खाली दाबून मगच वर करायचा. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकली आहे. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. अशा वेळी घरातले सगळे प्लग उपसून काढा आणि परत बघा. बहुतेकदा गीझरचा एलिमेंट दोषी निघतो. प्लग काढूनही तेच होत असेल तर दोष वायरिंगमध्ये, म्हणजे इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

गीझरचं सॉकेट १६ अँपिअरचं आणि वायर २.५ चौरस मिमी तांब्याची हवी. २००० वॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. १५ मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा आणि पिना बघा. तपकिरी झाल्या असतील किंवा प्लॅस्टिक कढत लागत असेल तर सॉकेटमधली पकड सैल आहे, सॉकेट बदलून घ्या. गीझर तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते पडू द्यात, तिथे बूच मारू नका. पाणी तापून फुगतं, तो दाब तिथून निघतो.

आधीच्या मालकांनी बाथरूमच्या आत गॅस गीझर लावला असेल तर तो पहिल्याच दिवशी बंद करा. बंद जागेत हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होतो, आणि एकट्या घरात दार ठोठावणारं कुणी नसतं. गॅस गीझर हवाच असेल तर बाथरूमबाहेर, उघड्या बाल्कनीत.

सिलिंडरची नळी नारिंगी, आयएसआय शिक्क्याची सुरक्षा नळीच घ्या. ती ५ वर्षांनी बदलायची. जोडलेल्या दिवशीची तारीख मार्करने नळीवर लिहा. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी पेटवून कधीही नाही. सिलिंडर घेताना वरच्या पट्टीवरची चाचणीची तारीख वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि पुढे वर्ष. तारीख उलटून गेली असेल तर परत पाठवा. संध्याकाळी दार उघडताच गॅसचा वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट कशाच्याही बटणाला हात लावू नका. बटण चालू करताना पडते तशीच ठिणगी बंद करतानाही पडते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून नुसती खिडकी पुरत नाही, बाल्कनीचं दार सताड उघडा. रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि जिन्यात उभं राहून १९०६ लावा.

निंबोणी

दोघांचेही खूप आभार, हे सगळं कागदावर उतरवून घेतलंय. आणखी एक. मुख्य दाराच्या किल्ल्या किती जणांकडे गेल्या असतील कुणास ठाऊक. पूर्ण लॅच बदलावा लागेल का? आणि रात्री आतून कडी लावावी की नको?

उंबरठा

हँडलखाली आरपार सिलिंडर (किल्ली जाते तो कुलपाचा भाग) असलेलं कुलूप असेल तर फक्त सिलिंडर बदला, बाकीचं तसंच राहू द्या. दाराच्या कडेवर, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू दिसेल. त्याच्या मध्यापासून सिलिंडर बाहेरच्या बाजूला किती आणि आतल्या बाजूला किती हे वेगवेगळं मोजा. ३० अधिक ३० म्हणजे ६० मिमी, ३५ अधिक ३५ म्हणजे ७०. बाहेरच्या पत्र्याच्या पुढे २-३ मिमीपेक्षा जास्त डोकावणारा घेऊ नका, पकडीत धरून तोडता येतो.

काम सुरू करण्याआधी दाराला वीट लावून ठेवा. लांब स्क्रू पूर्ण काढा, किल्ली घाला आणि नुसती ओढू नका. सिलिंडरच्या मध्ये एक जीभ असते, ती कुलपात अडकते. किल्ली अगदी थोडी, १०-१५ अंश फिरवली की जीभ सिलिंडरच्या अंगात लपते आणि तो अलगद बाहेर येतो. नवा तसाच सरकवायचा. दार उघडं असतानाच दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा फिरवून बघा, मगच दार लावा.

आता कडी. एकटं माणूस आत आजारी पडलं आणि आतून कडी असली की दार फोडण्यावाचून इलाज नसतो. त्यामुळे रात्री किल्लीनेच कुलूप लावा आणि किल्ली काढून जवळच्या खुंटीला टांगा. साध्या सिलिंडरमध्ये आतून किल्ली तशीच राहिली तर बाहेरून दुसरी किल्ली चालत नाही. दुकानात विचारून घ्या, आत किल्ली असूनही बाहेरून उघडणारे सिलिंडर मिळतात. थोडे महाग, पण तुमच्यासाठी तोच घ्या. त्यासोबत साखळी नको, तिचीही अडचण कडीसारखीच. दार न उघडता बाहेरचं बघायला भिंग पुरे. अंघोळीला जाताना बाथरूमची कडीही लावू नका. जादा किल्ली विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे बंद पाकिटात द्या, पाकिटाच्या चिकटपट्टीवर सही करून. त्याच पाकिटात तुमचा रक्तगट, चालू औषधं आणि दोन नातेवाइकांचे नंबर लिहून ठेवा.

दप्तरी

कागदांचं थोडक्यात. इंडेक्स टूच्या (खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्याच्या) चार-पाच प्रती काढून ठेवा, सगळीकडे तीच मागतात. महावितरणचं बिल आणि मिळकत कर दोन्ही नावावर करून घ्या. पुणे महापालिकेत मालक स्वतः राहत असेल तर मिळकत करात ४० टक्क्यांची सवलत असते. ती आपोआप लागू होईल असं धरून चालू नका, बिल तपासा आणि गरज असेल तर पीटी-३ अर्ज भरा. सोसायटीत हस्तांतर फी ५०० रुपये, प्रवेश फी १०० आणि प्रीमियम जास्तीत जास्त २५,०००. त्यावर 'देणगी' मागितली तर लेखी मागायला सांगा.

सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की त्याच आठवड्यात नामनिर्देशनाचा (नॉमिनी नेमण्याचा) अर्ज तीन प्रतींत द्या आणि पोच घ्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने घर सांभाळतो. घर ठराविक व्यक्तीलाच जावं असं वाटत असेल तर मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

पान्हा_पक्कड

पावसाळ्याचं राहिलंच होतं. सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती धुळीने आणि रंगाने बुजलेली असतात, मग पट्टीत पाणी भरतं आणि घरात सांडतं. लोक सिलिकॉन भरत बसतात, काही वेळा तर ही भोकंच बुजवतात. पट्टी जुन्या ब्रशने साफ करा, भोकांतून तार फिरवा आणि पट्टीत तांब्याभर पाणी ओता. मिनिटभरात बाहेर निघून गेलं पाहिजे. सिलिकॉन लावायचं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, बाहेरून, जुनं खरवडून आणि जागा कोरडी करून.

भिंतीला ओल असेल तर ताबा घेतानाच तारखेसह फोटो काढून सेक्रेटरींना लेखी कळवा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाची, तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमधली तुमची. ओल्या भिंतीवर आत्ता रंग देऊ नका, पापुद्रे सुटतील. तो खर्च दिवाळीच्या सुमारास करा.

भिंतीला भोक पाडताना स्विचबोर्डच्या आणि नळांच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू नका, आतल्या लाइनी बहुधा उभ्या जातात. ६ मिमीचा बिट आणि ६ मिमीचा प्लग घ्या. पहिल्या सेंटिमीटरभर प्लास्टरची राखाडी भुकटी पडेल, मग विटेची लाल सुरू झाली पाहिजे. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल पुढे सरकेनासं झालं तर समोर कॉलम किंवा बीम आहे. तिथे जोर करू नका, भोकाची जागा बदला.