मदत हवी आहे: हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालचा प्ल्यूम (खोलातून वर येणारा गरम खडकाचा खांब) दिसतच नाही

चकवा: एमएस्सीचा प्रकल्प, सोमवारी दाखवायचाय. टोमोग्राफीत (भूकंपलहरींच्या उशिरावरून काढलेलं पृथ्वीच्या पोटाचं चित्र) वर जरासा लाल, म्हणजे मंद लहरींचा, डाग येतो, खाली सगळं पांढरं. डॅम्पिंग (मॉडेलला किती आवरायचं तो आकडा) बदलून बदलून वैतागलोय. किती ठेवू?

कातळ: पी लहरी (दाबाच्या) की एस (आडव्या हलणाऱ्या)? स्टेशनं कुठली?

चकवा: पी. स्टेशनं बेटावरचीच, अजून कुठली असणार!

कातळ: मग संपलंच की. बेट जेमतेम 60-70 किमीचं. स्टेशनांचा पसारा जेवढा, साधारण तेवढ्याच खोलीपर्यंत दिसतं. लांबच्या भूकंपांचे किरण जवळपास उभेच वर येतात, खोलवर एकमेकांना छेदत नाहीत. शिवाय दर भूकंपाची सरासरी वजा करत असाल, तर सगळ्या बेटाला सारखाच झालेला उशीर तिथेच धुतला जातो. 2012-13 मध्ये रियुनियनभोवतीच्या ऱ्हम-रम मोहिमेत 57 भूकंपमापक समुद्रतळावर ठेवले होते. तो डेटा खुला आहे, घ्या.

बेसॉल्टबुवा: सोमवारपर्यंत? समुद्रतळाच्या डेटात लाटांचा गोंगाट, त्यात घड्याळं सरकलेली. त्यापेक्षा रिसीव्हर फंक्शन करा (खोल सीमांवर लहरींचं रूप बदलतं, त्यावरून सीमांची खोली काढायची). 410 आणि 660 किमी खोलीवर खनिजं बदलतात, त्या सीमांमधलं अंतर कमी भरलं तर तिथला खडक गरम.

कातळ: त्याने तेवढाच थर कळेल. 2900 किमीवरच्या, गाभ्याच्या सीमेजवळच्या मुळाचं काय?

शंकासूर: मुळात अरुंद प्ल्यूम कुणी पाहिलाय? 2015 मध्ये स्कॉट फ्रेंच आणि बार्बरा रोमानोविच या संशोधकांना दिसले ते शेकडो किमी जाड खांब.

कातळ: अरुंद असला तर दिसणार कसा? लहर त्याला वळसा घालून पुढे पुन्हा जुळते, वर येईस्तोवर उशीर पुसट होतो. दिसला नाही म्हणजे नाहीच, असं कसं?

कराडकर: दख्खनचा लाव्हा या प्ल्यूमचाच ना? मग कोयनेचे धक्केही यामुळेच?

बेसॉल्टबुवा: लाव्हा याचाच मानतात, 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. पण भारत केव्हाच तिथून सरकलाय. कोयनेला धरणाचं पाणी आणि जुने भ्रंश पुरेसे आहेत. अवांतर आवरा.

चकवा: अहो, डॅम्पिंग!!

कातळ: मॉडेलमध्ये खोटा प्ल्यूम घाला, त्याचे उशीर काढा, थोडा गोंगाट मिसळा आणि तुमच्याच स्टेशनांवरून उलटं सोडवा, म्हणजे उशिरांवरून मॉडेल परत काढा. तोही खाली गायब झाला तर कुठल्याही डॅम्पिंगने काही होणार नाही. सोमवारी तेच चित्र दाखवा.

चकवा: गोंगाट किती मिसळू?

बेसॉल्टबुवा: तुमच्या वेळा टिपताना जेवढी चूक होते तेवढा. पण रिसीव्हर फंक्शन बघाच.